चाकाला लावलेलं एरंडेल

मला गाडी चालवता येते हे मी कुणाला आपणहून सांगत नाही. नातवंडं विचारतात तेव्हा म्हणतो, येत होती कधीतरी. जास्त बोललो की ती जीप निघते, जीप निघाली की तो म्हातारा निघतो, आणि मग मला जेवण जात नाही. आज लिहायला बसलोय ते जेवण आटोपून, मुद्दाम.

घाटंजीच्या अलीकडे एका जिनिंगमध्ये मी मिस्त्री होतो. कापसातून सरकी काढणारी यंत्रं आणि त्यांना फिरवणारं तेलावरचं मोठं इंजिन, एवढा माझा कारभार. दिवाळीनंतर हंगाम सुरू होई, उन्हाळ्यात संपे, आणि पावसाळाभर ती यंत्रं उघडून, पुसून, परत जोडून ठेवायची. वय तिशीच्या आत आणि अंगात मस्ती भरपूर. आसपासच्या गावात कुणाचं इंजिन अडलं की मला बोलावणं येई, आणि मी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा जाई. उगाच. भाव खायची सवय लागली होती, दुसरं काय.

नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि बाजारातल्या बाया ते हातात घ्यायला कुरकुरत होत्या, त्या उन्हाळ्यात मालकांनी जीप घेतली. लढाईच्या काळातली, लष्करानं लिलावात काढलेली आणि त्यानंतर दोन-तीन हातांतून फिरलेली. हंगामात मालकांना रोज चार खेडी फिरून कापूस बघावा लागे, त्यासाठी ती हवी होती. यवतमाळहून येताना ती वाटेत तीनदा बंद पडली. शेवटचे दोन कोस तिला बैलांनी ओढत आणलं. ते बैल म्हाताऱ्याचे.

म्हातारा म्हणजे मालकांचा दमणीवाला. दमणी ही आमच्याकडची हलकी, माणसं बसायची बैलगाडी. मालक आणि त्यांच्याआधी त्यांचे वडील त्याच दमणीतून गावोगाव जात. नाल्यापलीकडच्या तांड्यातला तो बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडलेले. माणसांशी तो वऱ्हाडीत बोले आणि बैलांशी त्याच्या गोरबोलीत. बैल त्याचे स्वतःचे होते, एक पांढरा आणि एक कबरा. सगळे त्याला बाबा म्हणत, मीही म्हणे.

जीप आली म्हणजे दमणी गेली, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर त्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत मूठभर साखर टाकली असती. त्यानं बैल सोडले, जीपला एक फेरी घातली आणि तिच्या बॉनेटवर तळहात ठेवला.

"लय थकून राह्यली हे, मिस्त्री," तो म्हणाला. "कोनं हाकलली असंन इले, त्याले दया नव्हती."

मी हसलो. पण गाडी उघडली तेव्हा त्याचंच म्हणणं खरं निघालं. वायरी खारींनी कुरतडलेल्या. सायलेन्सरमध्ये उंदरांचं घर. पायाखालचा पत्रा असा सडलेला, की बसल्या बसल्या रस्ता दिसे. धक्के झेलणाऱ्या एका पाट्याची दोन पानं तुटून त्या जागी कुणीतरी बाभळीचा तुकडा ठोकला होता. रेडिएटर तीन ठिकाणी गळत होता आणि ती गळती बंद करायला आधीच्या कुणीतरी त्यात हळद कोंबली होती, तिचा गाळ मी वाटीवाटीनं काढला.

आषाढातली आखाडी येईपर्यंत मी तिचं इंजिन पुरतं सुटं करून पोत्यावर मांडलं होतं. वॉल घासले, रिंगा नागपूरहून आणल्या, पितळेचे बुश कारखान्याच्या लेथवर स्वतः कातले. पाटे लोहारानं भट्टीत घालून सरळ केले. कापसाच्या गाड्यांवर टाकायची ताडपत्री फाडून मी तिचं टप शिवलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा पावसाळा होता, हे सांगायला आज लाज वाटते, पण खरं आहे.

म्हातारा रोज येऊन उकिडवा बसे. दमणी बंद झाल्यामुळे त्याला काम नव्हतं आणि मालकांनी त्याला अजून जा म्हटलं नव्हतं. "इले पाणी कुठून पाजता?" "इचं पोट कोनतं?" असं विचारी. गाडी धुवायचं काम त्यानं आपल्याकडे घेतलं. बैल धुतात तसं, पेंढ्याच्या चोळ्यानं, कानामागून सुरुवात केल्यासारखं दिव्यांच्या मागून. इंजिन पहिल्यांदा चालू झालं त्या दिवशी त्यानं मला स्वतःच्या घरचा गूळ खायला दिला.

राहिले होते ब्रेक. दमणीला असतो तसा दांड्याचा ब्रेक नव्हता हा. पायाखालची पट्टी दाबली की एका नळकांड्यातलं तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे रेटलं जातं, तिथल्या छोट्या रबरी वाट्या सरकतात आणि चाकं धरली जातात. असले ब्रेक मी जन्मात पहिल्यांदा उघडत होतो. नागपूरच्या एका गॅरेजातल्या उस्तादानं मला रबरी वाट्यांचे दोन जोड दिले, ब्रेकच्या तेलाचा एक डबा दिला आणि बजावून सांगितलं, "मिस्त्री, इसमें इंजन का तेल कभी मत डालना. रबर खा जाएगा. कुछ न मिले तो अरंडी का तेल डालना, मगर वो नहीं."

अरंडी म्हणजे आपलं एरंडेल. परतीच्या वाटेवर मी त्या उस्तादावर मनातल्या मनात हसत होतो. एरंडेल पोरांच्या पोटाला आणि बैलगाडीच्या तुंब्याला. माझ्या जीपमध्ये?

नळ्यांतली हवा काढता काढता माझ्या अडाणीपणामुळे अर्ध्याहून अधिक तेल जमिनीवर गेलं आणि डबा संपला. पोळा बारा-तेरा दिवसांवर होता. आमच्याकडे पोळ्याला गावचे सगळे बैल सजवून गावाबाहेरच्या आखरावर तोरणाखाली उभे करतात, आणि मालकांना त्या आखरावर जीपमधून उतरायचं होतं. होईल म्हणून छाती ठोकून मीच सांगितलं होतं. यवतमाळला जाऊन डबा आणायचा तर नाला भरलेला, एसटी बंद. दोन दिवस थांबलो असतो तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण मालकांनी सकाळी विचारलं, "काय मिस्त्री, झालं का?" आणि मी म्हटलं, "झालंच."

मी कारखान्याच्या इंजिनाचं तेल घातलं. तेल ते तेल.

ब्रेक लागले. उत्तम लागले. आठ-दहा दिवस मी गाडी रोज फिरवली, एकदा मालकांना घेऊन थेट घाटंजीपर्यंत जाऊन आलो. मग चाकं तापायला लागली, करपट वास यायला लागला. पाय उचलला तरी ब्रेक सुटायला वेळ लागे. उस्तादाचे शब्द आठवले नाहीत असं मी म्हणणार नाही. आठवले. पोळा झाला की बघू, असं ठरवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोललेले असतात, त्यांना तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानांनी शेकायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. म्हाताऱ्याची दोन्ही जनावरं कारखान्याच्या आवारातच बांधलेली असत. दिवस मावळायच्या आधी त्यानं त्यांचे खांदे शेकले, आणि मग एका हातात एरंडेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात पळसाची पानं घेऊन तो जीपकडे आला.

"बाबा, हे काय?" मी विचारलं.

"इले बी वर्षभर ओढाचं हाय ना जी. तूप नाही पचत इले, म्हनून एरंडेल आनलं."

माझ्या तोंडात बिडी होती. मी बघत राहिलो. त्यानं बाटलीतलं तेल हळदीत कालवलं आणि चारी चाकांना मधोमध, जिथे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो त्या जागी, पानानं हळूहळू चोळलं. मग बॉनेटवर हात ठेवून बैलांना म्हणतात तेच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

बाहेरच्या लोखंडाला लागलेल्या त्या चार बोटं तेलानं काही होणार नव्हतं. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं, म्हणून तर मी त्याला अडवलं नाही. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहून ठेवतो.

पोळ्याच्या दिवशी उन्हं कलल्यावर निघालो. मालक शेजारी, फेटा बांधून. कारखाना टेकाडावर, तिथून रस्ता उतरत उतरत आखराकडे जातो. म्हातारा आमच्या थोडा आधी बैल घेऊन निघाला होता. बैलांच्या पाठीवर त्याच्या घरच्या बायांनी भरलेल्या झुली, कवड्या आणि आरशांच्या. शिंगांना बेगड. पुढे ढोल वाजत होते, रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं होती, बाया होत्या, पोरं खांद्यावर घेतलेले बाप होते.

उताराच्या मध्यावर मी ब्रेक दाबला आणि माझा पाय थेट खालच्या पत्र्याला टेकला. मध्ये काहीच लागलं नाही. परत दाबला, परत तेच. हातब्रेक ओढला, त्याचा पट्टा मी जुनाच ठेवला होता, तो घसरला. समोर गर्दी. मी ओरडत चक्र डावीकडे फिरवलं, कारण तेवढ्या जागी डावीकडे माणसं नव्हती. डावीकडे कबरा होता.

माणूस एकही दुखावला नाही. मालकांच्या कपाळाला टेंगूळ आलं. कबऱ्याचा मागचा पाय मांडीखाली मोडला. तो उठायचा प्रयत्न करी आणि परत बसे, आणि दर वेळी त्या झुलीवरच्या कवड्या वाजत.

आता ब्रेकबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलेलं आहे. चाकाच्या आत तेल गेलं तर पायाखालची पट्टी घट्टच लागते, फक्त चाक धरत नाही. आणि पट्टी तळाला गेली तर समजायचं, आतल्या रबरी वाट्या गेल्या. दोन्ही वेळा बघणाऱ्याला एकच दिसतं, की गाडी थांबली नाही. खरं काय ते फक्त चालवणाऱ्याच्या पायाला कळतं. तो पाय माझा होता.

लोक जमले. कुणी म्हणे मिस्त्रीला चालवता येत नाही, कुणी म्हणे गाडीच भंगार. मालक माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी बोलणार होतो. काय, ते आता आठवत नाही. तेवढ्यात म्हाताऱ्यानं जीपच्या चाकाकडे बघितलं. तिथे हळदीचा पिवळा ओघळ होता आणि पळसाच्या पानाचा एक तुकडा चिकटलेला होता.

"मालक," तो म्हणाला, "मीच लावलं. चाकाले तेल मीच लावलं काल."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, आणि कावळा स्वतःच होऊन म्हणाला की मी मोडली. मालकांनी मला विचारलं, "मिस्त्री, तेलानं ब्रेक लागत नाहीत?"

"चाकाला तेल लागलं तर ब्रेक धरत नाहीत, मालक," मी म्हणालो.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. कुठल्याही उस्तादाला विचारा.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर, कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. भर दुपारी मी ते नळकांडं आणि चारी चाकं उघडली. आतल्या वाट्या भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगून मऊ झाल्या होत्या, एक तर चिरली होती. मी त्या विहिरीत टाकल्या, नळ्या धुतल्या आणि उस्तादानं दिलेला दुसरा जोड बसवला. तेल कुठून आणायचं? खुंट्याला म्हाताऱ्याची बाटली टांगलेली होती. त्यातलं एरंडेल मी गाळून घातलं. त्यावर ती गाडी रोज मालकांना घेऊन खेडोपाडी, कधी थेट पुसदपर्यंत धावली, हंगामभर, आणि एकदाही अडली नाही. लोक म्हणत, मिस्त्रीनं गाडी नवी केली.

कबरा चार दिवस जगला. मी दोनदा गेलो. म्हातारा त्याच्या डोक्याशी बसून गोरबोलीत हळू हळू काहीतरी सांगत होता. मला ती बोली येत नाही, पण माणूस माफी मागतो तेव्हा ती कुठल्याही बोलीत ओळखू येते.

मालक त्याला काढायला निघाले होते. तेव्हा मात्र मला कंठ फुटला. म्हातारा माणूस आहे, बैलांना करतात तसं भोळेपणानं केलं, जाऊ द्या, फाटकावर ठेवा. मी इतकं बोललो की मालकांनी ऐकलं. बाहेर आल्यावर त्यानं माझे पाय धरले. माझ्याहून तीस-पस्तीस वर्षांनी मोठा माणूस. मी त्याला उठवलं आणि म्हटलं, "असं करू नका, बाबा." त्याहून जास्त काही म्हटलं नाही.

त्यानं पुन्हा जीपला हात लावला नाही. फाटक उघडी, बाजूला उभा राही, आणि गाडी जवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे घेई. आणि पुढच्या पोळ्यापासून दर वर्षी खांदशेकणीच्या सकाळी तो माझ्या घरी येऊ लागला. पळसाच्या पानांचा पुडा, त्यात काटवलं. ही काटेरी हिरवी रानभाजी, पावसाळ्यात जंगलात मिळते, हात ओरबाडून घेऊन एकेक वेचावी लागते. "तुमी होते म्हनून पोट चाललं, मिस्त्री," म्हणे, आणि पुडा ओट्यावर ठेवून जाई. माझी बायको ती भाजी फार चांगली करी. माझ्या घशाखाली उतरत नसे.

"काहून जेवत नाही?" तिनं तिसऱ्या वर्षी विचारलं, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं हातातली पळी खाली ठेवली.

"त्यायले सांगा," ती म्हणाली. बस, एवढंच.

पुढे दोन-तीन वर्षं ती पोळा झाला की विचारी, "सांगतलं का?" मग तिनं विचारणं सोडलं. ते मला जास्त लागलं.

एकदा गेलो होतो मी. खांदशेकणीलाच, तांड्यात. त्याचा मुलगा बैलांचे खांदे शेकत होता आणि म्हातारा चार पावलं लांब उभा होता, हात पाठीमागे.

"तुम्ही नाही शेकत, बाबा?"

"माह्या हातचं तेल नाही लाभत जनावराले."

मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी ब्रेक..."

"ते नका काढू, मिस्त्री," तो घाईनं म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमी झाकलं माहं. तुमी नसते तं लोकाइनं मले उभं केलं नसतं."

आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगायला गेलो होतो, त्यानंच नको म्हटलं, अशी मी माझी समजूत घातली आणि चहा पिऊन परत आलो. माणसाला पळवाट दाखवावी लागत नाही, तो ती बरोबर घेऊन फिरतो.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात म्हातारा गेला. मला कळलं ते आठ दिवसांनी. खरं सांगतो, पहिला विचार असा आला की आता काटवलं येणार नाहीत.

पोळ्याच्या आदल्या सकाळी त्याचा मुलगा आला. चाळिशीचा माणूस, बापासारखाच उंच. हातात पुडा.

"बा सांगून गेला," तो म्हणाला, "का मिस्त्रीले इसरू नको."

मी त्याला बसवलं. बायकोनं पाणी दिलं आणि ती दारातच उभी राहिली. तो पाणी प्याला, पण निघेना. शेवटी म्हणाला, "एक इचारू का जी? बा अखेरीले सारखा तेच बोलून राह्यलता. मले म्हने, एवढुशा तेलानं गाडी थांबत नाही का रे? मी काय सांगू? मले कायचं समजते मोटारीतलं. तुमाले माहीत असंन."

दहा वर्षं मी जो प्रश्न कुणी विचारावा म्हणून वाट बघत होतो, आणि कुणी विचारू नये म्हणून देवाला हात जोडत होतो, तो हा. त्या माणसानं तो अगदी साध्या तोंडानं विचारला. त्याला संशय नव्हता. त्याला बापाची शंका फेडायची होती, तेवढंच.

"नाही थांबत," मी म्हटलं. "एवढंसं तेलही पुरतं."

त्यानं मान हलवली. "मंग बरोबर हाय," तो म्हणाला. "मले वाटे, बा उगाच जिवाले लावून घेते." मला हात जोडले आणि तो गेला.

बायको अजून दारात होती. दर वर्षी पुडा तीच उचलून आत नेई. त्या दिवशी तिनं तो उचलला नाही. बराच वेळ तो तसाच ओट्यावर पडून होता, मग मीच आत नेला.